बूस्टरला पैसे घालण्याआधी फोन घेऊन गच्चीवर जा

प्रश्न बेळगावच्या वडगावातल्या एका माग चालवणाऱ्या तरुणाचा आहे. खाली आठ माग, वर राहतं घर, आणि गळती नको म्हणून स्लॅबवर मारलेलं पत्र्याचं शेड. दारात, रस्त्यावर नेटवर्क फुल्ल. उंबरा ओलांडला की दोन दांड्या, मागांजवळ गेलं की काहीच नाही. गिऱ्हाइकाचं यूपीआय गोल गोल फिरत राहतं, बँकेचा ओटीपी येतो तोवर त्याची मुदत संपलेली असते. ऑनलाइन साडेपाच हजारांचा, मोबाइलचा सिग्नल वाढवणारा बूस्टर दिसलाय, खोक्यावर 'तीन बँड, फाइव्ह-जी सपोर्ट' असं छापलंय. घेऊ का, आणि घेतला तर अँटेना कुठं बसवू, असं त्यानं विचारलंय.

घेऊ नका. का ते सांगतो, आणि त्याऐवजी काय करायचं तेही सांगतो. ते दुसरंच जरा लांबेल. बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात मी तेवीस वर्षं टॉवरवर आणि इमारतींच्या आत अँटेना बांधतोय. बूस्टर मीही बसवलेत. त्यातल्या एकानं अख्खी गल्ली कशी आजारी पाडली ते पुढं येईलच.

आधी कायद्याचं उरकून घेऊ. फोन ज्या लहरींवर चालतो त्या कंपन्यांनी लिलावात पैसे मोजून घेतलेल्या असतात. त्या लहरी पुन्हा हवेत सोडणारं यंत्र तुम्ही-आम्ही आपल्या मनानं लावू शकत नाही. १९३३ च्या वायरलेस टेलिग्राफी कायद्यापासून हे असंच आहे. जानेवारी २०२२ मध्ये दूरसंचार विभागानं पुन्हा स्पष्ट सांगितलं, की परवानाधारक मोबाइल कंपन्या सोडून इतर कुणीही बूस्टर बाळगणं, विकणं किंवा वापरणं बेकायदा आहे. २०२३ च्या नव्या दूरसंचार कायद्यातही विनापरवाना रेडिओ यंत्राला मोकळीक नाही. दुकानात मिळतो, ऑनलाइन मिळतो, पावतीही मिळते. तरी तो तुमच्या भिंतीवर आला की जबाबदारी तुमची. विकणारा तेव्हा फोन उचलत नाही.

पण कायदा बाजूला ठेवला तरी मी नकोच म्हणेन.

बूस्टर सिग्नल तयार करत नाही. बाहेर एक अँटेना, तिला आम्ही डोनर म्हणतो. ती टॉवरचं ऐकते. मधल्या डब्यात ते मोठं होतं आणि आतल्या अँटेनातून खोलीत सोडलं जातं. हे झालं अर्धं. उरलेलं अर्धं उलट्या दिशेनं चालतं: तुमच्या फोनचं बोलणं आतून उचलून, मोठं करून टॉवरकडं फेकलं जातं. विकणारा पहिल्या अर्ध्याबद्दलच बोलतो, कारण दांड्या त्यानंच वाढतात. भानगडी सगळ्या दुसऱ्या अर्ध्यात असतात.

गणपतीत मंडळाच्या स्टेजवर कुणीतरी माईक घेऊन बॉक्ससमोर गेलं की जी 'कुईऽऽ' उठते, ती सगळ्यांनी ऐकलीय. माईक बॉक्सचं ऐकतो, बॉक्स माईकचं. बूस्टरच्या दोन अँटेना एकमेकींना ऐकायला लागल्या की हेच होतं, फक्त ती कुई कानाला ऐकू येत नाही, टॉवरला येते. सिग्नल किती पट वाढला किंवा घटला हे आम्ही डेसिबलमध्ये, म्हणजे डीबीत मोजतो. डबा सिग्नल जेवढे डीबी वाढवतो, त्याच्यापेक्षा निदान पंधरा डीबी जास्त आडोसा दोन अँटेनांच्या मध्ये लागतो. साठ-पासष्ट डीबीचा डबा असेल तर ऐंशीच्या आसपास. तुमच्या पत्र्यानं इथं थोडी मदतच केली असती, हे कबूल. पण शेड चारी बाजूंनी उघडं आहे, आणि डब्याबरोबर आलेली दहा मीटर केबल बघता तुम्ही डोनर जिन्याच्या तोंडाशी लावणार आणि आतली अँटेना त्याच जिन्याखाली. कुई ठरलेली.

आता माझी गोष्ट. २०१२ च्या आसपास बाजारातल्या एका साडीच्या दुकानाच्या तळघरात मी असाच डबा बसवला. मुंबईहून आणलेला, स्वस्तातला. तळघरात फोन वाजायला लागले, मालकानं खूष होऊन कुंद्याचा डबा हातात ठेवला. आठवडाभरानं त्या भागातल्या लोकांचे कॉल तुटायला लागले. समोरच्याचा आवाज येतो, आपला जात नाही, अशी तक्रार. दहा-बारा दिवसांनी एका कंपनीचा इंजिनिअर हातात माशाच्या काट्यासारखी अँटेना आणि गळ्यात मीटर अडकवून गल्लीत फिरताना दिसला. चार पावलं चालायचा, अँटेना गोल फिरवायचा, पुन्हा चार पावलं. दुकानासमोर येऊन थांबला. आत गेला, तळघरातला डबा बघितला आणि मला काही न विचारता प्लग काढला. मग बेंगळुरूला फोन लावून कन्नडमधून एवढंच विचारलं, 'आता उतरलं का?' तिकडून हो आलं. डीबीएम हे सिग्नलच्या ताकदीचं माप, उणे आकडा जेवढा मोठा तेवढी ताकद कमी. टॉवरला एरवी जी खरखर उणे १०५ डीबीएमवर असते ती माझ्या डब्यानं उणे ९० च्या घरात नेऊन ठेवली होती. पंधरा डीबी म्हणजे तीस पटीहून जास्त. टॉवर बहिरा झाला होता. त्याच्या कानाशी मी चोवीस तास खरखर चालू ठेवली होती, आणि लांबून हळू बोलणाऱ्या फोनांचं त्याला ऐकूच येत नव्हतं. डबा जप्त झाला. केस झाली नाही, हे माझं नशीब. दुकानदाराचे पैसे मी परत केले. कुंदा संपला होता.

खोक्यावरच्या 'फाइव्ह-जी'चंही सांगून टाकतो. बँड म्हणजे लहरींचा ठरावीक पट्टा, तो मेगाहर्ट्झमध्ये मोजतात. ९००, १८०० आणि २१०० च्या बँडवर टॉवरचं बोलणं एका फ्रिक्वेन्सीवर आणि फोनचं दुसरीवर असतं, त्यामुळं साधा डबा दोन्ही वेगळे काढू शकतो. २३०० च्या फोर-जीवर आणि ३३०० च्या पुढच्या फाइव्ह-जीवर दोघंही एकाच फ्रिक्वेन्सीवर आळीपाळीनं बोलतात, तेही मिलिसेकंदाच्या हिशोबात. ही पाळी ओळखून दिशा बदलणारं सर्किट साडेपाच हजारांच्या डब्यात नसतं. म्हणजे फाइव्ह-जी फक्त खोक्यावर. शिवाय तुमचं सिम ८५० वर चालत असेल तर ९०० चा बँड तुमच्या काही कामाचा नाही.

आता मुद्द्याचं काम. फोन घ्या आणि गच्चीवर जा. दांड्या बघू नका. दांड्या प्रत्येक कंपनीचा फोन आपल्या मनानं दाखवतो. अँड्रॉइडमध्ये सेटिंग्ज, अबाउट फोन, सिम स्टेटस असं आत गेलं की सिग्नल स्ट्रेंथ म्हणून एक आकडा दिसतो, उणे काहीतरी डीबीएम. आयफोनवर *३००१#१२३४५#* डायल केलं की असाच आकडा सापडतो. फोर-जीवर उणे ८५ म्हणजे छान, उणे १०० ला काम चालतं, उणे ११० ला रडत-खडत, उणे १२० ला फोन नुसता हातात धरायचा. दर तीन डीबीला ताकद निम्मी होते, दहाला दहावा भाग.

पत्र्याबाहेर, उघड्यावर उभं राहून एक आकडा लिहा. पत्र्याखाली दुसरा. मग पहिला मजला: खिडकीत आणि मधल्या खोलीत. मग खाली, दारात आणि मागांच्या मध्ये. जागेवर मिनिटभर थांबून मगच लिहा, फोन आकडा सावकाश बदलतो. सकाळी एकदा आणि रात्री आठला एकदा. घरात दुसऱ्या कंपनीचं सिम असेल तर त्याचेही. अर्ध्या तासाचं काम आहे, कागद आणि पेन्सिल लागते.

हा कागद हातात आला की निम्मे लोक बूस्टरचं नाव काढत नाहीत. गच्चीवर उणे ८० आणि आत उणे ११५ असेल तर दोष इमारतीचा. पस्तीस डीबी म्हणजे हजारात एकही भाग धड आत पोचत नाही. गच्चीवरच उणे ११५ असेल तर दोष भागाचा; बूस्टरला वाढवायलाच काही नाही, तो खरखर तेवढी वाढवेल. आणि गच्चीवर, घरात सगळीकडं आकडा चांगला, पण रात्री आठ ते दहा नेट सरकत नाही, असं असेल तर टॉवरवर गर्दी आहे. त्याला बूस्टरचा डबा काय करणार? सिग्नल भरपूर आहे, जागा नाही. गर्दीच्या वेळी एसटी दारात येऊन उभी राहते, पण आत पाय ठेवायला मिळत नाही, तसं.

तुमचं लक्षण पहिल्यातलं. दारात फुल्ल आणि आत नाही, म्हणजे सिग्नल उंबऱ्यापर्यंत आलाय आणि तुमच्याच घरानं अडवलाय. पत्रा लहरी परतवतो, स्लॅबमधली सळईची जाळी अडवते, आणि खाली मागांची लोखंडी चौकट आहेच. आमच्याकडं जुन्या घरांच्या जांभ्या दगडाच्या भिंती दीड-दीड फूट जाड असतात. त्या उन्हाळ्यात जेवढं सोडतात तेवढं पावसाळ्यात सोडत नाहीत, कारण दगड पाणी पितो. 'जुलैत नेटवर्क का जातंय ओ?' म्हणून जे विचारतात त्यांच्यातल्या बऱ्याच जणांच्या घराला जांभा आहे. मंगळुरी कौलाखाली मात्र फोन बरा चालतो. लोक कौलं काढून पत्रे घालतात आणि मग मला फोन करतात.

तुमच्यासाठी मी काय केलं असतं ते सांगतो. वडगावात फायबर येतं, केबलवाला घरापर्यंत ओढून देतो. ते घ्या. राउटर पहिल्या मजल्यावर ठेवा. तिथून साधी लॅनची केबल खाली मागांपर्यंत न्या आणि तिथं दुसरा छोटा राउटर लावा. एकाच राउटरचं वायफाय स्लॅब भेदून खाली येईल या भरवशावर राहू नका, जी जाळी मोबाइलला अडवते ती वायफायलाही अडवते. दुसरा राउटर दीड-दोन हजारांत येतो. मग फोनच्या सेटिंगमध्ये वायफाय कॉलिंग चालू करा. २०१९ च्या शेवटापासून आपल्याकडच्या मोठ्या खासगी कंपन्यांनी ही सोय द्यायला सुरुवात केली आणि तिचे वेगळे पैसे नाहीत. नंबर तोच राहतो, समोरच्याला काही कळत नाही. कॉल टॉवरऐवजी फायबरवरून जातो, बहुतेक फोनवर मेसेजही तिकडूनच येतात, म्हणजे ओटीपीचं दुखणं तिथंच संपतं.

दोन गोष्टी लोक विसरतात. लाईट गेली की राउटर बंद, राउटर बंद की फोन मुका. वळवाच्या दिवसांत संध्याकाळी लाईट जाणार हे धरूनच चला आणि राउटरसाठी मिळणारा छोटा बारा व्होल्टचा यूपीएस लावा. फायबरच्या डब्याला पण, नुसत्या राउटरला नव्हे. दुसरी गोष्ट यूपीआयच्या बोलणाऱ्या डब्याची. त्याच्या आत स्वतःचं सिम असतं, त्याला तुमच्या वायफायशी देणंघेणं नसतं. तो गल्ल्याजवळून उचलून दाराच्या चौकटीशी ठेवा. गिऱ्हाइकासाठी गेस्ट वायफाय वेगळं काढा आणि पासवर्ड क्यूआरशेजारी चिकटवा. मागावरच्या कामगारांचे बटणाचे फोन असतील तर त्यांना वायफाय कॉलिंग बहुधा मिळणार नाही. त्यांच्यासाठी खिडकीत एक फळी ठोका, फोन तिथं राहू दे. हसू नका, एका फौंड्रीत मी तेवढंच केलं आणि पैसे घेतले नाहीत.

जिथं फायबर नाही तिथं काय? जांबोटी, कणकुंबीकडच्या वाड्यांतून हा प्रश्न येतो. गच्चीवर किंवा परड्यातल्या एखाद्या उंच जागी उणे १०५ जरी मिळत असेल तरी बाहेरची अँटेना जोडता येईल असा सिमवरचा फोर-जी राउटर घ्या. अँटेना उंचावर, टॉवरकडं तोंड करून, राउटर घरात, त्याच्या वायफायवर पुन्हा तेच वायफाय कॉलिंग. हा बूस्टर नाही. तो टॉवरच्या दृष्टीनं एक फोन आहे, फक्त उंचावर कान लावून बसलेला. तो दुसऱ्या कुणाचा सिग्नल हवेत सोडत नाही, टॉवर सांगेल तेवढ्याच ताकदीनं बोलतो. भारतात मान्यता असलेला राउटर घ्या एवढंच बघा. अँटेनापर्यंतची केबल शक्य तेवढी आखूड ठेवा. बाजारातली पातळ काळी केबल वीस मीटर ओढली तर १८०० च्या बँडवर शंभरातले दोन-चार भागच दुसऱ्या टोकाला पोचतात. टॉवरवर आम्ही वापरतो ती अर्ध्या इंची जाड केबल, म्हणजे फीडर, तेवढ्याच अंतरात निम्म्याहून जास्त पोचवते. केबल लांबवण्यापेक्षा राउटरच वर माळ्यावर नेलेला बरा.

जिथं उघड्यावरही काहीच नाही तिथं टॉवरशिवाय उपाय नाही. जुलै २०२२ मध्ये केंद्रानं देशातल्या २४,६८० नेटवर्क नसलेल्या गावांसाठी २६,३१६ कोटींची फोर-जी योजना मंजूर केली, काम बीएसएनएलकडं आहे. ग्रामपंचायतीनं वाडीचं नाव त्या यादीत आहे का हे लेखी विचारावं. आणि टॉवर आला की 'रेडिएशन, रेडिएशन' म्हणून अडवू नये. भारतातली मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या दहाव्या भागावर आहे, २०१२ पासून. उलट टॉवर लांब असला की फोनच पूर्ण ताकदीनं ओरडतो, आणि तो तुमच्या कानाला लावलेला असतो.

सीमेवरच्या लोकांसाठी एक वेगळी भानगड. उचगाव, बेळगुंदी, तिकडं निपाणीपुढं कोगनोळी, या बाजूला फोन कधी कर्नाटकचा टॉवर धरतो, कधी महाराष्ट्राचा. खानापूरच्या घाटाकडं गोव्याचा, आणि मोबाइल कंपन्यांच्या हिशोबात गोवा महाराष्ट्राच्याच सर्कलमध्ये येतो. पूर्वी एका खोलीतून दुसऱ्या खोलीत गेलं की रोमिंग लागायचं. आता पैसे कापले जात नाहीत, पण तक्रार अडकते. सिम कर्नाटकचं, तक्रारीसाठी १९८ ला लावलेला फोन बेंगळुरूकडं जातो, आणि बिघडलेला टॉवर महाराष्ट्रातल्या चंदगड तालुक्यातला. ते म्हणतात आमच्या भागात सगळं ठीक आहे, आणि त्यांच्या परीनं ते खरंच बोलत असतात. म्हणून तक्रार करताना फोनवर रोमिंगचा आर दिसतो का, आणि सिम स्टेटसमध्ये नेटवर्कचं नाव काय आहे, हे सांगा. तक्रार क्रमांक घ्या. तो नसेल तर तक्रार झालीच नाही असं समजा. आठवडाभरात हालचाल नसेल तर त्याच क्रमांकावर कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडं जाता येतं.

हॉस्पिटल, मंगल कार्यालय, कॉलेज, उद्यमबागेतलं मोठं शेड असेल तर गोष्ट वेगळी. तिथं कंपनीच स्वतःची यंत्रणा आत बसवते: एक छोटं बेस स्टेशन, म्हणजे लहानसा टॉवरच, किंवा तिच्याच देखरेखीखालचा रिपीटर, म्हणजे अधिकृत बूस्टर, तिथून फीडर, वाटण्या करणारे स्प्लिटर, आणि छतावर उलट्या वाटीसारख्या पांढऱ्या अँटेना. हे कायदेशीर आहे, कारण लहरी तिच्या आणि खरखरीची जबाबदारीही तिची. मालकानं लेटरहेडवर अर्ज द्यायचा. मजले, चौरस फूट, रोज किती माणसं येतात, आणि वर सांगितलेला तो आकड्यांचा कागद जोडायचा. कागद जोडलेले अर्ज पुढं सरकतात, 'नेटवर्क येत नाही' एवढंच लिहिलेले पडून राहतात. इमारत अजून बांधत असाल तर स्लॅब टाकण्याआधी गच्चीपासून तळघरापर्यंत दोन इंची पाइप सोडा आणि प्रत्येक मजल्यावर त्याला तोंड ठेवा. पाचशे रुपयांच्या पाइपसाठी नंतर ड्रिल घेऊन स्लॅब फोडताना मी डॉक्टरांना बघितलंय.

राहिलं पाण्याचं. बाहेर कुठलीही अँटेना लावा, आमच्याकडं तिला पाऊसच मारतो. कणकुंबीच्या एका घरातली अँटेना मी दुसऱ्या वर्षी उतरवली. वर सगळं चकाचक होतं. कनेक्टर उघडला तर आतली पिन शेवाळासारखी हिरवी, आणि केबलच्या जाळीतून पाण्याचा थेंब माझ्या मनगटावर पडला. केबल वरून सरळ घरात उतरवली होती, पाणी तिच्या अंगावरून कनेक्टरात गेलं होतं. घरात शिरण्याआधी केबलला खाली एक झोळ द्यायचा, पाणी तिथून टपकून जातं. कनेक्टरवर आधी ताणून चिकटणारी रबरी टेप, तीवर काळी टेप, गुंडाळी खालून वर, कौलं जशी एकमेकांवर चढतात तशी. अँटेनाच्या दांड्याला आर्थिंग द्या आणि केबलला लाइटनिंग अरेस्टर लावा, वळवाची वीज ओळख विचारत नाही. जंगलाकडच्या घरांनी केबल पाइपात घाला. माकडं ती झोका म्हणून वापरतात.

तर वडगावकर, आकड्यांचा कागद मला पाठवा. पत्र्याखालचा आकडा लिहायला विसरू नका. पत्र्यानं किती अडवलंय ते बघून ठरवू, कदाचित मधले दोन पत्रे काढून तिथं फायबरचे पारदर्शक पत्रे बसवले तर वरच्या मजल्याचं काम त्यातच भागेल. उजेडही येईल.